मादबाच्या फरशीवरून मवाबात

पवित्र भूमीची सहल म्हटली की आमच्याकडे नगरला यरुशलेम, बेथलेहेम, नासरेथ आणि गालील हा क्रम ठरलेला. यार्देन नदीच्या पूर्वेचा भाग, म्हणजे आजचा जॉर्डन, बहुतेक सहलींत एका दिवसात उरकतात. नबो पर्वतावर फोटो, आणि बस सीमेकडे. माझ्या आत्याला ते पटत नव्हतं. तिने आयुष्यभर संडे स्कूलमध्ये शिकवलं. रब्बा, हेशबोन, दीबोन, अरोएर, आर्णोन ही नावं मुलांच्या कितीतरी पिढ्यांकडून घोकून घेतली. तिचं म्हणणं एकच, "ही गावं आहेत कुठे, ते मला बघायचंय. यरुशलेमला सगळेच जातात." म्हणून आम्ही दोघी फक्त जॉर्डनला गेलो, एप्रिलच्या सुरुवातीला. डोंगर हिरवे होते, रस्त्याकडेला लाल खसखशीची रानफुलं होती आणि संध्याकाळी स्वेटर लागत होता. जायचं तर याच दिवसांत जावं.

जाण्याआधीची कामं थोडी आहेत. भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळतो. निघण्याआधी ऑनलाइन 'जॉर्डन पास' काढला आणि देशात निदान तीन रात्री राहिलं, तर व्हिसाचं शुल्क माफ होतं. शिवाय पेट्रा, जेराश, अम्मानचा किल्ला, केरक, उम्म अर-रसास अशी बरीच ठिकाणं त्यातच येतात. नबो पर्वत, मादबाचं नकाशाचं चर्च आणि येशूच्या बाप्तिस्म्याची जागा यांसाठी मात्र वेगळे पैसे बाजूला ठेवा. आम्ही पूर्ण प्रवासासाठी चालकासह गाडी ठरवली होती. आत्याच्या गुडघ्यांमुळे ते गरजेचं होतं, आणि पुढे कळलं की त्या चालकाशिवाय हा प्रवास अर्धाच झाला असता.

पहिला दिवस : अम्मान

अम्मान म्हणजे अम्मोनी लोकांची राजधानी रब्बा. शहराच्या मधोमध जबल अल-कला नावाची टेकडी आहे. वर हर्क्युलिसच्या देवळाचे उंच खांब, त्याच्या पुतळ्याच्या हाताची दगडी बोटं, बायझंटाईन चर्चचा पाया आणि उमय्यद खलिफांचा वाडा, असं सगळं एकाच माथ्यावर आहे. आत्या या कशाकडे न बघता आधी तटाच्या कडेला गेली आणि खाली बघत उभी राहिली. उरीया हित्ती इथेच कुठेतरी तटाखाली पडला. दावीद राजाने बथशेबेला आपल्या घरी आणलं आणि तिच्या नवऱ्याला या वेढ्यात सर्वांत पुढे उभं करायला लावलं. त्या हुकुमाचं पत्र उरीयाने स्वतःच्याच हातांनी सेनापती यवाबाकडे आणलं होतं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण तट किती उंच आहे आणि खालून चढणारा माणूस वरच्या धनुर्धाऱ्यांना किती उघडा पडतो, हे तिथे उभं राहिल्यावरच ध्यानात येतं.

याच कथेत यवाब दावीदाला निरोप धाडतो की मी 'जलनगर' घेतलं. टेकडीच्या उत्तर अंगाला खडकात खोदलेली पाण्याची जागा आहे, तटातून आत पोचता येईल अशी. जलनगर म्हणजे नेमकं काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण या शहराला पाण्याचं मोल तेव्हापासून आजपर्यंत तेवढंच आहे. घराघरावर टाक्या आहेत. पाइपाने पाणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच येतं, असं चालकाने सांगितलं.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तच्या दुसऱ्या टॉलेमीने या शहराचं नाव बदलून स्वतःच्या बिरुदावरून फिलाडेल्फिया केलं. नाण्यांवर, शिलालेखांवर, रोमन कागदपत्रांत शेकडो वर्षं हेच नाव चाललं. खाली दिसणारं सहा हजार माणसांचं रोमन नाट्यगृह फिलाडेल्फियाचंच. पण अरब राज्य आलं तेव्हा लोकांच्या तोंडी होतं ते अम्मान. नऊशे वर्षं सरकारदरबारी नसलेलं नाव बाजारात आणि शेतात टिकून राहिलं. पुढे प्रत्येक मुक्कामी मी हेच तपासत गेले. राजाने दिलेलं नाव टिकलं की लोकांच्या तोंडचं?

दुपारी जॉर्डन म्युझियम पाहिलं. कुमरानजवळच्या गुहेत १९५२ साली सापडलेली तांब्याची गुंडाळी इथे आहे, कापून पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेली. तिच्यात प्रार्थना नाहीत की वचनं नाहीत. साठाहून जास्त ठिकाणी पुरलेल्या सोन्याचांदीची यादी आहे, अमुक टाक्याखाली इतके हात खोल, अशा थाटाची. त्यातली बहुतेक ठिकाणं आज कुणालाच ओळखता येत नाहीत. नाव सांगणारी माणसं उरली नाहीत, तर कोरलेल्या तांब्याचाही उपयोग होत नाही.

जेवणाचं सांगायचं तर जुन्या बाजारात सकाळी 'फूल' नावाचा पदार्थ खा. शिजवून ठेचलेला बाकला, वर ऑलिव्ह तेल, लिंबू आणि हिरवी मिरची, सोबत गरम खुब्ज, म्हणजे तिथली रोटी. रात्री कनाफे. खारं काढलेलं चीज, वर शेवयांचा नारिंगी थर आणि पाक. आत्याने पहिल्याच दिवशी दोनदा मागवलं.

दुसरा दिवस : यब्बोक, जेराश, उम्म कैस

अम्मानहून उत्तरेला निघालं की तासाभराच्या आत रस्ता एका खोऱ्यात उतरतो. खाली झर्का नदी, म्हणजे यब्बोक. याकोबाने बायकामुलांना, गुराढोरांना इथल्या उतारावरून पार केलं आणि मागे एकटा राहिला, तेव्हा पहाटेपर्यंत एका पुरुषाशी त्याची झुंज झाली. आज पाणी बेताचंच आहे, काठाला भाज्यांची हरितगृहं आहेत. आम्ही पुलाजवळ दहा मिनिटं थांबलो. आत्याने उत्पत्तीचा बत्तिसावा अध्याय मोठ्याने वाचला. शेजारी टोमॅटोची खोकी भरणारी पोरं काम थांबवून ऐकत राहिली आणि वाचून झाल्यावर त्यांनी आम्हाला काकड्या दिल्या.

जेराशच्या खांबांबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून एवढंच सांगते की सकाळी आठला आत शिरा आणि टोपी न्या, सावली नाही. माझं लक्ष नावाकडे होतं. या शहराचंही ग्रीक काळात नामांतर झालं, 'ख्रिसोर्‍होआस नदीवरचं अंतियोख' असं लांबलचक. ते आज तज्ज्ञांनाच माहीत आहे. लोक गेरासा म्हणत राहिले, त्याचं जेराश झालं.

नव्या करारात मात्र हे नाव एका पेचात सापडलंय. भूतग्रस्त माणसाला येशूने बरं केलं, भुतं डुकरांच्या कळपात शिरली आणि कळप कड्यावरून सरोवरात गेला, ही गोष्ट कुठे घडली? मार्काच्या सर्वांत जुन्या प्रतींत गरसेकरांचा देश, मत्तयात गदरेकरांचा, काही प्रतींत गर्गेसेकरांचा. गेरासा इथून गालीलच्या सरोवरापर्यंत पन्नासेक किलोमीटर आहे, डुकरं एवढी धावणार नाहीत. तिसऱ्या शतकात ओरिजेन या बायबलच्या अभ्यासकालाही हाच प्रश्न पडला होता. त्याने सरोवराकाठचं गर्गेसा सुचवलं.

त्याच दुपारी आम्ही गदरला, आजच्या उम्म कैसला पोचलो. काळ्या बसाल्टच्या नाट्यगृहातून पुढे टोकाला गेलं की एकदम खाली यार्मूकचं खोरं, समोर गोलानचं पठार आणि डावीकडे निळं, चकाकणारं गालीलचं सरोवर. मला वाटतं, गदर ही दशनगरांपैकी मोठी नगरी असल्याने सरोवरापर्यंतचा मुलूख तिच्या नावाने ओळखला जात असावा आणि मत्तयाने तो अर्थ घेतला. नाणी बघितली तर गदरच्या नाण्यांवर जहाजही आहे. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी हा वाद मनातून गेला. समोरचं पाणी बघायला अम्मानहून शाळेच्या मुलांची सहल आली होती. प्रत्येक मूल बोट दाखवून एकच शब्द म्हणत होतं, तबरिया. म्हणजे तिबिर्या, पलीकडच्या काठावरचं शहर. हेरोद अंतिपाने रोमन सम्राटाच्या नावावरून ठेवलेलं हे नाव मात्र टिकलं. त्या शहराला आधीचं जुनं नाव नव्हतं, हे त्याचं कारण असेल.

तिसरा दिवस : मादबा आणि नबो

मादबा म्हणजे बायबलमधलं मेदबा. इथे आम्ही मुक्काम हलवला. अम्मानपेक्षा शांत, स्वस्त आणि मवाबात, म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेच्या बायबलकालीन राज्यात, फिरायला सोयीचं. आमच्या पाहुणघराच्या मालकीणबाई ख्रिस्ती. त्यांचे पूर्वज केरकचे. तिथल्या टोळ्यांशी भांडण झाल्यावर १८८० साली काही ख्रिस्ती घराणी उठून या ओसाड टेकाडावर आली. घरांचे पाये खणताना जागोजागी फरशांवरची जुनी चित्रं निघाली. १८८४ मध्ये जुन्या चर्चच्या अवशेषांत नकाशा दिसला आणि त्यावरच आजचं सेंट जॉर्ज चर्च बांधलं गेलं. बांधकामात नकाशाचा काही भाग गेला, हे दुःख आहेच. पण ती माणसं इथे आली नसती तर तो सापडलाच नसता, हेही खरं.

सहाव्या शतकात रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून केलेला हा नकाशा चर्चच्या जमिनीवर आहे. पवित्र भूमीचा इतका जुना दुसरा नकाशा शिल्लक नाही. ग्रीक अक्षरांत दीडशेच्या आसपास नावं आहेत. वर उत्तर नाही, पूर्व आहे, त्यामुळे वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की नकाशावरच्या दिशा खऱ्या दिशांशी जुळतात. मधोमध लंबगोल यरुशलेम. उत्तरेच्या वेशीत एक खांब काढलाय. खांब केव्हाच गेला, पण अरबीत त्या वेशीला अजून बाब अल-अमूद, खांबाची वेस, म्हणतात. शहराच्या दक्षिण टोकाला दाखवलेलं 'नेआ' चर्च खरंच होतं का यावर बरीच वर्षं शंका होती. १९७० च्या दशकात उत्खननात त्याचा पाया नकाशात दाखवलाय त्याच भागात निघाला.

मी सर्वांत जास्त वेळ यार्देनेपाशी घालवला. नदीत मासे आहेत. एक मासा प्रवाहाबरोबर मृत समुद्राकडे चाललाय आणि दुसरा तोंड फिरवून उलटा पोहतोय, खारट पाणी लागल्यामुळे. समुद्रात दोन नावा आहेत, त्यांतल्या माणसांचे चेहरे नंतर कुणीतरी उचकटून विस्कटून टाकलेत. काठाला खजुराची झाडं आणि नाव, झोआरा. हेच उत्पत्तीतलं सोअर, जिथे सदोमाच्या नाशाच्या वेळी लोट पळून गेला.

कारागिरांना ही नावं मिळाली ती बरीचशी युसेबियसच्या यादीतून. कैसरियाच्या या बिशपाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला बायबलमधल्या ठिकाणांचा कोश केला. नाव, कोणत्या कथेत येतं, आणि आज ते कोणत्या रस्त्यावर किती मैलांवर आहे, अशी मांडणी. पुढे जेरोमने तो लॅटिनमध्ये नेला. म्हणजे 'हे गाव नेमकं कुठे?' हा आत्याचा प्रश्न सतराशे वर्षांपूर्वीही लोक विचारत होते आणि त्याचं उत्तर मैलाच्या दगडांत मोजून देत होते.

(रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना असते, नकाशा पाहता येत नाही. इतर वारी अगदी सकाळी जा. दहानंतर बसगाड्या येतात.)

दुपारी नबो. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ही जागा १९३२ मध्ये घेतली आणि पुढल्या वर्षी उत्खनन सुरू केलं. चर्चमधली ५३० च्या सुमाराची चित्रफरशी सावकाश बघा. शिकारी, मेंढपाळ, शहामृगाला दोरीने नेणारा माणूस. बाहेरच्या कठड्यावरून बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेला दाखवलेला देश दिसतो. हवा धुरकट होती. यरीहोची हिरवळ दिसली, पलीकडे डोंगरमाथ्यावर यरुशलेमकडचे मनोरे अंदाजानेच ओळखावे लागले. परमेश्वराने मोशेला दाखवलेल्या नावांची यादी गिलादापासून सुरू होते आणि सोअरपाशी संपते. आत्या म्हणाली, "मोशेला जायला मिळालं नाही. आपण सोअरपर्यंत जाऊन येऊ." ते बेतात नव्हतं. चालकाने नकाशा बघितला आणि म्हणाला, "हज्जा म्हणतेय तर जाऊ." तिथे वयस्क बाईला आदराने हज्जा म्हणतात, मग ती कोणत्याही धर्माची असो.

चौथा दिवस : हेशबोन, उम्म अर-रसास, दीबोन

हा दिवस मला सर्वांत प्रिय आहे.

मादबाच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर हिस्बान गाव. गावाला चिकटून टेकाड. अमोऱ्यांचा राजा सीहोन याचं हेशबोन ते हेच. इस्राएल लोकांनी त्याच्याकडे राजमार्गाने जाऊ देण्याची विनंती केली होती, शेतात शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही म्हणून. त्याने नकार दिला आणि लढाई झाली. १९६८ पासून अमेरिकेतल्या अँड्र्यूज विद्यापीठाने इथे खोदकाम केलं, सीहोनाचं शहर सापडेल या आशेने. त्याच्या काळातलं शहर सापडलं नाही. त्यानंतरच्या लोहयुगातलं मोठं टाकं मात्र मिळालं, आणि गीतरत्नात प्रियेच्या डोळ्यांना हेशबोनच्या तळ्यांची उपमा आहे ती कित्येकांना आठवली. काही संशोधकांनी सुचवलं की सीहोनाचं हेशबोन जवळच्या जालूलच्या टेकाडावर असेल आणि नाव पुढे इकडे आलं असेल.

हे ऐकून आत्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती टाक्याच्या काठावर बसून म्हणाली, "अगं, धरणात गेलेल्या आपल्या गावांचं बघ. माणसं उठून दुसरीकडे गेली तरी पाटी जुन्याच गावाची लावतात. नाव ज्याचं असतं तो ते बरोबर नेतो." मला या विषयावर इतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

नावांवरून जागा शोधायची पद्धत कशी बसली, तेही इथेच सांगते, कारण तिचं एक टोक आमच्या नगरला लागतं. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक आणि एली स्मिथ हा मिशनरी यरुशलेमच्या आसपासच्या भागात फिरले. मठांमधून यात्रेकरूंना सांगितल्या जाणाऱ्या कथांवर त्यांनी फारसा विश्वास ठेवला नाही. शेतकऱ्यांना, धनगरांना गावांची, ओढ्यांची नावं विचारली. स्मिथला अरबी उत्तम येत होतं. 'हेच का ते अमुक गाव?' असं विचारायचं नाही, कारण पाहुण्याला बरं वाटावं म्हणून माणूस हो म्हणतो. 'याला काय म्हणता?' एवढंच विचारायचं. अशा रीतीने कितीतरी हरवलेली गावं अरबी नावांखाली सापडली. एली स्मिथ ज्या अमेरिकन बोर्डाचा मिशनरी होता, त्याच बोर्डाने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला मराठी मिशन सुरू केलं. आत्याची शाळा, आमचं चर्च, सगळं त्याच झाडाचं.

हिस्बानच्या पायथ्याशी किराणा दुकानात आम्ही पाणी घेतलं. मी दुकानदाराला गावाचं नाव विचारलं, फक्त तेवढंच. तो म्हणाला, "हुस्बान." त्याने आम्हाला सेजची पानं घातलेला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

तिथून आग्नेयेला उम्म अर-रसास. युनेस्कोच्या यादीत २००४ मध्ये आलेलं ठिकाण, तरी आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणीही नव्हतं. यहोशवाच्या पुस्तकात मेफाथ नावाचं गाव येतं आणि ते कुठे होतं हे शतकानुशतकं ठाऊक नव्हतं. इथे लोकांच्या तोंडीही ते राहिलं नव्हतं. १९८६ मध्ये मिकेले पिचिरिल्लो या फ्रान्सिस्कन पुरातत्त्वज्ञाला सेंट स्टीफन चर्चच्या फरशीवर अक्षरं सापडली, कास्त्रोन मेफाआ. म्हणजे हेच मेफाथ. फरशी आठव्या शतकातली आहे. मुसलमान राज्य येऊन शंभर वर्षं उलटली होती आणि इथे ख्रिस्ती गाव नवं चर्च सजवत होतं.

फरशीच्या दोन्ही कडांना शहरांची छोटी चित्रं आणि खाली नावं आहेत. एका बाजूला यार्देनेच्या पश्चिमेची : पवित्र नगरी, नेआपोलिस, सेबास्तिस, कैसरिया, दिओस्पोलिस, एलेउथेरोपोलिस, अश्कलोन, गाझा. दुसऱ्या बाजूला पूर्वेची : मेफाआ, फिलाडेल्फिया, मादबा, एस्बोंता म्हणजे हेशबोन, आणि आणखी तीन. उंच मार्गिकेवरून सगळं खाली बघता येतं. मी एकेक नाव वाचून अरबी नावाशी जोडत होते आणि चालक मदत करत होता. नेआपोलिस? नाब्लुस. दिओस्पोलिस? बायबलमधलं लोद, पेत्राने ऐनेयाला बरं केलं ते.

"अल-लुद्द," चालक म्हणाला आणि थांबला. मग त्याने सांगितलं की त्याचे आजोबा लुद्दचे. जुलै १९४८ मध्ये तिथल्या लोकांना बाहेर काढलं, तेव्हा चालत निघालेल्यांत तेही होते. त्याचा स्वतःचा जन्म अम्मानचा, लुद्द त्याने पाहिलेलं नाही. पण कुणी 'मूळचा कुठला' विचारलं तर तो लुद्दचाच आहे असं सांगतो, त्याची मुलंही तेच सांगतात. या रस्त्याने तो पर्यटकांना कित्येकदा घेऊन आला होता. दिओस्पोलिस म्हणजे आपलं गाव हे त्याला माहीत नव्हतं. त्याने मोबाइलवर त्या दोनतीन बुरुजांच्या चित्राचा फोटो काढला आणि लगेच वडिलांना पाठवला. गाडीत बसल्यावर वडिलांचा फोन आला. बराच वेळ बोलणं चाललं होतं, आम्हाला फक्त 'लुद्द' कळत होतं. नंतर तो म्हणाला, "अब्बा विचारतात, या चित्रातली वेस कोणत्या बाजूची?"

त्याच दुपारी धीबान, म्हणजे दीबोन. रस्त्यालगतचं साधं गाव आणि पलीकडे दगडांचा मोठा ढीग वाटावा असं टेकाड. १८६८ मध्ये क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला इथे काळ्या दगडावर कोरलेला मवाबाचा राजा मेशा याचा लेख दिसला. प्रशियन, फ्रेंच आणि ऑटोमन अशी ओढाताण सुरू झाली, आणि पुढल्या वर्षी बेदुइनांनी दगड तापवून त्यावर पाणी ओतून तो फोडला. त्याआधी घेतलेल्या कागदी ठशावरून लेख पुन्हा जुळवता आला. आज तो पॅरिसला लूव्हर संग्रहालयात आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात मेशाच्या बंडाची कथा इस्राएलच्या बाजूने आहे. दगडावर तीच शत्रुता मवाबाच्या बाजूने आहे. आमच्या देवाने, कमोशाने, आम्हाला जय दिला, मी मेदबा परत घेतलं, नबो घेतलं. शहरात टाकं नव्हतं, म्हणून प्रत्येकाला आपल्या घरी टाकं खणायला सांगितलं. अरोएर बांधलं, आर्णोनपाशी रस्ता केला.

गावापासून थोड्याच अंतरावर दरीच्या ओठावर ते अरोएर आहे, आजचं अराइर. भिंतींचे तुकडे आणि बकऱ्या. खाली आर्णोन, वादी मुजिब. दरीचं तोंड इतकं रुंद आणि खोल आहे की बायबल प्रत्येक वेळी तिला सीमा का म्हणतं ते विचारावं लागत नाही. मावळतीला आम्ही मेशाने केल्याचं सांगितलेल्या त्या दरीतल्या वळणावळणाच्या रस्त्याने खाली उतरलो आणि पलीकडे चढलो. आजचा रस्ता डांबरी आहे, पण दरी उतरायला सोपी जागा शोधण्याचं काम तेव्हाच झालं असणार.

(हिस्बान, उम्म अर-रसास आणि धीबान एका दिवसात होतात, पण खाणं बरोबर घ्या. धीबानला पाट्या फारशा नाहीत. माहिती वाचूनच जा.)

पाचवा दिवस आणि पुढे : केरक, सोअर

केरक हे मवाबाचं कीर-हरेसेथ मानतात. जिथे वेढा पडल्यावर मेशाने आपल्या थोरल्या मुलाचा तटावर होम केला, तीच कथा. आजचा प्रचंड किल्ला क्रूसेडरांनी ११४२ मध्ये बांधायला घेतला. आत अंधाऱ्या लांब ओवऱ्या आहेत, बॅटरी हवीच. मादबाच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, "मन्साफ केरकला खा, आमच्या आजीच्या गावात." तसंच केलं. कोकराचं मटण जमीद, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या रश्श्यात शिजवतात. खाली पातळ रोटी, वर भात, बदाम. आंबट, जड आणि फार चविष्ट. दोघींत एक ताट पुरतं.

तिथून पेट्राला गेलो. त्यावर मराठीत पुष्कळ आहे, इथे लिहीत नाही.

परतताना केरकच्या डोंगरातून मृत समुद्राकडे उतरलो. कानांना दडे बसतात, हवा दर वळणावर तापत जाते. खाली घोर अस-साफी, समुद्रसपाटीच्या बऱ्याच खाली, टोमॅटोच्या शेतांनी भरलेलं. हेच सोअर. इथे जुनं नाव बोलण्यातून गेलंय. जागा पटली ती मादबाच्या नकाशामुळे. झोआरापाशी लोटाचं पवित्र स्थान काढलंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोन्स्तान्तिनोस पोलितिस याने डोंगराच्या अंगावर खोदकाम केलं, तेव्हा चर्च, मठ आणि गुहा निघाली, लोटाचा उल्लेख असलेल्या लेखांसह. आत्या पायऱ्या चढू शकली नाही. ती खालच्या संग्रहालयात बसली आणि मी वर जाऊन आले.

संग्रहालयात तिला जे सापडलं ते माझ्या गुहेपेक्षा मोठं होतं. चौथ्या-पाचव्या शतकातले थडग्यांचे दगड, काही ग्रीक, क्रूस असलेले, काही अरामी, यहुद्यांचे. यहुद्यांच्या दगडांवर मृत्यूचं साल मोजलंय ते मंदिराचा नाश झाल्यापासून. म्हणजे यरुशलेमचं मंदिर जळाल्यावर तीनचारशे वर्षांनीही या तापलेल्या काठावरचं एखादं घर बापाच्या मरणाची तारीख त्या दुःखापासून मोजत होतं. आत्याने ते मला दोनदा समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर आमच्या चालकाने मृत समुद्राकडे हात करून त्याचं अरबी नाव सांगितलं, बहर लूत. लोटाचा समुद्र. गावाने नाव सोडलं, पण गोष्ट पाण्याने ठेवली.

शेवटचा दिवस : यार्देनेच्या पलीकडचं बेथानी

अल-मगतसला, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या जागी, स्वतःच्या गाडीने जाता येत नाही. प्रवेशद्वारापासून त्यांची बस आणि मार्गदर्शक असतो. सीमेचा भाग आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. सकाळची पहिली बस घ्या, उन्हं चढली की तिथे सावलीला काही नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याची जागा यार्देनेच्या पलीकडचं बेथानी अशी आहे. ओरिजेनला तिसऱ्या शतकात या नावाचं गाव तिथे सापडलं नाही, म्हणून त्याने बेथाबारा हा पाठ पसंत केला. मादबाचा नकाशा बेथाबारा पश्चिम काठावर दाखवतो आणि पूर्व काठावर 'ऐनोन, आता सापसाफास' असं लिहितो. यात्रेकरूंच्या सोयीने नाव नदीच्या अल्याडपल्याड फिरत राहिलं. १९९४ च्या शांतता करारानंतर सुरुंग काढले गेले, उत्खनन झालं, एकावर एक बांधलेल्या चर्चचे अवशेष पूर्वेला निघाले आणि २०१५ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण यादीत घेतलं.

नदी अगदी अरुंद आणि मातकट आहे. पलीकडचा काठ काही पावलांवर, तिथेही यात्रेकरू. इथिओपियाचा एक पांढऱ्या वस्त्रांतला समूह आमच्या बाजूला गात होता आणि पलीकडून कुणीतरी त्याच सुरात साथ देत होतं. आत्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडून वाचत होती. मी तिला विचारलं, तुझ्या मते खरी जागा कोणती? ती म्हणाली, "योहान एका जागी उभा राहून बाप्तिस्मा देत होता असं कुठे लिहिलंय? पाणी असेल तिथे तो गेला."

जाताना एक सांगायचं राहिलं. परतीचं विमान असलं तरी शेवटची रात्र अम्मानला न घालवता मादबातच राहा. विमानतळ तिथून अर्ध्या तासाच्या आसपास आहे, आणि एप्रिलमध्ये गेलात तर त्या रस्त्याच्या कडेला काळा आयरिस, जॉर्डनचं राष्ट्रीय फूल, दिसायची शक्यता आहे. आमच्या चालकाने गाडी थांबवून तो दाखवला, आणि मग फुलाचं अरबी नाव आत्याकडून तीनदा म्हणून घेतलं.